आत्मकेंद्रित म्हणजे नेमकं काय? स्वार्थी, अहंकारी आणि आत्मकेंद्रित एकच का?

उंबरठा · सकाळी ९:१२

'तो फार आत्मकेंद्रित आहे' असं आपण सहज म्हणून जातो. त्याच माणसाला दुसरा कुणी स्वार्थी म्हणतो, तिसरा अहंकारी म्हणतो, आणि चौथा 'स्वतःच्याच नादात असतो' म्हणून विषय सोडून देतो. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की माणसाचं निदान चुकतं आणि मग त्याच्याशी वागणंही चुकतं, असं मला ठामपणे वाटतं.

एक साधा प्रसंग घेऊ. पाच जणांना भेटायची वेळ ठरवायची आहे.

स्वार्थी माणसाला बाकीच्या चौघांची अडचण दिसते. ती दिसूनही तो स्वतःच्या सोयीची वेळ रेटतो. अहंकारी माणसाला वेळेचं फारसं देणंघेणं नसतं, वेळ त्याने ठरवली पाहिजे हा त्याचा मुद्दा. त्यासाठी तो स्वतःची गैरसोयसुद्धा सोसेल. आत्मकेंद्रित माणूस मात्र निरागसपणे 'सहाला भेटू या' म्हणतो, कारण त्याला सहा सोयीचे. इतरांना सहा जमणार नाहीत ही शक्यता त्याच्या डोक्यात आलेलीच नसते. कुणी लक्षात आणून दिलं तर 'अरे हो की' म्हणून तो लगेच सातवर येतो.

प्रश्न तीन. ही विभागणी बरोबर आहे का? हा स्वभाव जन्मजात की घडलेला? आणि तो कमी करता येतो का, येत असेल तर नेमकं काय करून? 'इतरांचाही विचार करावा' यापुढे जाऊन कुणी सांगितलं तर बरं होईल.

अनुस्वार · सकाळी ९:४०

शब्दांपासून सुरुवात करतो. आपमतलबी आणि अप्पलपोटा हे दोन्ही स्वार्थाचे शब्द. एकात मतलब आहे, दुसऱ्यात पोट. 'आपलंच घोडं दामटणे' हा हट्टाचा वाक्प्रचार, 'आपलीच टिमकी वाजवणे' हा बढाईचा. आत्मकेंद्रितपणासाठी असा ठसठशीत देशी शब्द लवकर आठवत नाही. 'मीपणा' जवळचा, पण त्याला गर्वाची झाक आहे.

'केंद्र' हा शब्द स्वतःच मजेशीर आहे. तो संस्कृतात ग्रीकमधून आला, ज्योतिर्गणिताच्या वाटेने. मूळ ग्रीक 'केन्ट्रॉन' म्हणजे अणकुचीदार टोक, आणि त्यावरून कंपासचं रोवलेलं टोक. पेन्सिलीचा पाय कितीही लांब फिरवा, टोक जागचं हलत नाही. म्हणून उदार माणूसही आत्मकेंद्रित असू शकतो. तो भरपूर देतो, पण स्वतःला जे आवडतं तेच देतो. त्याचा परीघ मोठा आहे, टोक तिथंच आहे. उंबरठा यांची विभागणी मला या अर्थाने पटते.

खारूताई · सकाळी ९:५५

कंपासचं टोक! आता हा शब्द वापरताना दरवेळी तेच दिसणार.

मनोवेध · सकाळी १०:३०

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मानसशास्त्रात हा शब्द रुजवला तो जाँ पियाजे यांनी, आणि त्यांच्या वापरात तो दोष नव्हता, एक टप्पा होता. पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांची 'तीन डोंगर' चाचणी प्रसिद्ध आहे. टेबलावर डोंगरांची प्रतिकृती असते, एकावर बर्फ, एकावर घर, एकावर क्रूस. मूल एका बाजूला बसतं, बाहुली दुसऱ्या बाजूला. बाहुलीला काय दिसतंय ते चित्रांतून निवडायचं. चार-पाच वर्षांची मुलं बहुधा स्वतःला दिसणारंच चित्र उचलतात. यावरून पियाजेंनी साधारण दोन ते सात या वयाला आत्मकेंद्री विचारांचा काळ मानलं.

पण चाचणीतच खोट होती. डोंगर मुलांच्या अनुभवातले नव्हते, आणि चित्रं जुळवणं हे वेगळंच कौशल्य आहे. १९७५ मध्ये मार्टिन ह्यूज यांनी तोच प्रश्न लपाछपीच्या रूपात विचारला. अधिक चिन्हासारख्या उभ्या भिंती, दोन पोलीस बाहुल्या आणि एक मुलगा बाहुली. पोलिसांना दिसणार नाही अशा कोपऱ्यात मुलाला लपवायचं. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांनी सुमारे ९० टक्के वेळा बरोबर कोपरा शोधला. हेतू कळला की लहान मूलही टोक उचलून दुसरीकडे रोवू शकतं.

'समोरच्याला जे माहीत आहे ते चुकीचं असू शकतं' हे कळणं ही पुढची पायरी. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर यांनी ती तपासली. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, त्याच्या मागे आई ते दुसरीकडे ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल सहसा नवी जागा दाखवतं, कारण चॉकलेट तिथं आहे हे त्याला स्वतःला माहीत असतं. चारच्या आसपास आणि त्यानंतर उत्तर बदलत जातं.

खारूताई · सकाळी १०:४४

मग मूल मोठं झालं की प्रश्न मिटला, नाही का? मोठी माणसं तरीही तशीच का वागतात?

त्रिज्या · सकाळी ११:२०

खारूताई, इथंच खरी गंमत आहे. मोठ्यांचंही टोक आधी स्वतःवरच रोवलं जातं.

केसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग बघा. दोघांच्या मध्ये चौकोनी खणांची मांडणी असते. काही खण एका बाजूने बंद आहेत, म्हणजे सूचना देणाऱ्याला त्यांतल्या वस्तू दिसत नाहीत, आणि हे समोरच्याला पक्कं ठाऊक आहे. मांडणीत तीन मेणबत्त्या आहेत, मोठी, मध्यम आणि छोटी. छोटी बंद खणात आहे. पलीकडचा म्हणतो, 'छोटी मेणबत्ती उचल.' त्याला दोनच दिसतात, तेव्हा त्याच्या लेखी 'छोटी' म्हणजे मधली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांची हालचाल टिपली तर नजर आधी त्या लपलेल्या छोटीवर जाते. मग बहुतेक जण सावरतात. काहींचा हात तिकडे गेलेलाही असतो.

२००४ मध्ये हाच प्रकार मुलं आणि मोठी माणसं शेजारी ठेवून तपासला गेला. पहिली नजर दोघांचीही स्वतःच्याच बाजूने गेली आणि तितक्याच लवकर गेली. फरक पडला तो पुढच्या पायरीत. मोठ्यांनी चूक लवकर दुरुस्त केली, मुलांना वेळ लागला.

म्हणून उंबरठा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागेल. पहिली नजर सगळ्यांची आत्मकेंद्रितच, ती जात नाही. दुरुस्ती मात्र शिकलेली असते आणि तिला मेहनत पडते. घाई असेल तर दुरुस्ती अर्धवट राहते.

दुरुस्ती किती तोकडी पडते याचं उदाहरण एलिझाबेथ न्यूटन यांच्या १९९० च्या प्रयोगात आहे. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल वाजत असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक येते. तज्ज्ञ माणसाचं शिकवणं कळत नाही, त्याचंही कारण हेच.

निशिगंध · सकाळी ११:५०

मला हे पटत नाही. 'सगळेच आत्मकेंद्रित' म्हटलं की शब्दाची धारच जाते. ज्या माणसाला दहा वेळा सांगूनही अकराव्या वेळी तो 'सहाला भेटू या' म्हणतो, त्याच्या घरच्यांना मेणबत्त्यांचं काय सांगणार? आणि तोच माणूस वरिष्ठांसमोर त्यांच्या कपाळावरची आठी लांबून ओळखतो. म्हणजे कुवत आहे, ती हाताखालच्या आणि घरच्या माणसांसाठी वापरायची नाही, एवढंच. ज्याचं जळतं त्याला कळतं. याला मी नजरेची चूक म्हणणार नाही, हा शुद्ध बेपर्वाईचा दोष आहे.

पाऊलवाट · दुपारी १२:०५

निशिगंध +१. वरच्याचं मन वाचलं नाही तर नुकसान होतं, खालच्याचं नाही वाचलं तर काहीच बिघडत नाही. म्हणून सवय सुटते.

त्रिज्या · दुपारी १२:३०

निशिगंध, तुमचा मुद्दा माझ्या विरोधात जात नाही, उलट नेमक्या जागी बसतो. दुरुस्तीला मेहनत लागते, आणि मेहनत कुणासाठी करायची हे माणूस ठरवतो, बऱ्याचदा नकळत. गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याची एक चाचणी केली. स्वतःच्या कपाळावर बोटाने इंग्रजी मोठ्या लिपीतला 'ई' काढायचा. काढणाऱ्याला सरळ वाटेल असा काढला तर समोरच्याला उलटा दिसतो. आधी ज्यांना स्वतः सत्ता गाजवल्याचा प्रसंग आठवायला लावला होता, त्यांनी तो स्वतःच्या बाजूने काढण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट निघालं. एका छोट्या प्रयोगावर इमारत उभारू नये, पण तुम्ही आणि पाऊलवाट म्हणता त्या दिशेलाच तो बोट दाखवतो.

कोरा कागद · दुपारी १:१५

'घरी सगळं मीच करतो/करते' या भांडणाबद्दल लिहितो, कारण तिथं हे सगळ्यात स्वच्छ मोजता येतं. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये नवराबायकोंना स्वतंत्रपणे विचारलं की अमुक कामात तुमचा वाटा किती. बहुतेक जोडप्यांच्या वाट्यांची बेरीज पुऱ्यापेक्षा जास्त आली. सरळ अर्थ, निदान एक जण स्वतःचा वाटा फुगवून सांगतोय. पण भांडण सुरू करणं यासारख्या वाईट गोष्टींतही माणसं स्वतःचा वाटा जास्त सांगत होती. फक्त बढाई असती तर तिथं आकडा खाली आला असता. मुख्य कारण आठवण आहे. आपण केलेलं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या अंगावरून गेलेलं असतं. दुसऱ्याचं काम आपल्याला फक्त झालेलं दिसतं.

करून बघायचं असेल तर असं करा.

कामं मोठी लिहू नका, फोडून लिहा. 'कपडे' असं एक काम नाही. मळलेले गोळा करणं, वेगळे काढणं, यंत्र लावणं, वाळत घालणं, काढणं, घड्या, ज्याच्या त्याच्या जागी ठेवणं, साबण संपत आलाय हे लक्षात ठेवणं, अशी आठ कामं आहेत. शेवटचं सगळे विसरतात. लक्षात ठेवण्याची कामं वेगळी लिहिली नाहीत तर यादीच खोटी ठरते.

मग दोघांनी वेगळ्या कागदावर, एकमेकांचं न बघता, प्रत्येक कामापुढे स्वतःचा टक्का लिहायचा. बेरीज १०० च्या वर गेली तिथं खूण करायची आणि फक्त त्याच ओळींवर बोलायचं. 'तुझा आकडा खोटा' असं म्हणायचं नाही, 'यातलं तू काय काय करतेस/करतोस ते सांग' असं विचारायचं. बेरीज १०० च्या खाली आलेल्या ओळीही पाहा. त्या कामाला दोघांच्याही लेखी धनी नसतो, आणि तेच सारखं राहून जातं.

कागद भिंतीवर चिकटवून हिशेबाची वही केली की फसतं. महिन्याभराने पुन्हा कोऱ्या कागदावर करावं.

खारूताई · दुपारी १:२२

'साबण संपत आलाय हे लक्षात ठेवणं' हे वाक्य जपून ठेवणार आहे.

उंबरठा · दुपारी २:००

कोरा कागद, फार उपयोगी. आता बोलण्याबद्दल कुणी लिहील का? माणूस आत्मकेंद्रित आहे हे आधी लक्षात येतं ते त्याच्या बोलण्यातून. सतत 'मी, मी' करतो तो.

अनुस्वार · दुपारी २:३५

'मी' मोजण्याच्या भानगडीत पडू नका. मराठीत तर ते मोजमापच बसत नाही. 'आलो', 'आले', 'करीन', 'म्हणालो' यांत 'मी' न उच्चारताही आहे. आपण 'मी' मुद्दाम उच्चारतो ते जोर द्यायला किंवा फरक दाखवायला. इंग्रजीत तो गाळता येत नाही, म्हणून तिथं मोजणी झाली. २०१५ मध्ये ४८०० हून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात 'मी'चा वापर आणि आत्मपूजक स्वभाव यांचा जवळपास काहीच संबंध आढळला नाही. 'मी' जास्त येतो तो मन खचलेल्या, त्रासात असलेल्या माणसाच्या बोलण्यात, असं इतर अभ्यास दाखवतात. तेव्हा 'मी मी करणाऱ्या' माणसाला आधी 'बरा आहेस ना' असं विचारावं लागेल.

मोजायचंच असेल तर संभाषणाची वळणं मोजा. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी १९७९ मध्ये ही विभागणी मांडली. समजा एक जण म्हणाली, 'काल रात्रभर डोळा लागला नाही.'

'अगं, मला तर आठवडाभर झोप नाही.' हा वळवणारा प्रतिसाद. विषय तोच, माणूस बदलला.

'का गं, काय झालं?' हा धरून ठेवणारा.

यातही एक बारकावा आहे. 'मलाही' म्हणणं दर वेळी वाईट नसतं, ते सोबतीचंही असतं. 'मलाही गेल्या महिन्यात असंच झालं होतं, विचारांनी झोप उडायची. तुझंही तसंच काही आहे का?' इथं वळण घेतलं आणि दोन वाक्यांत परत आणून सोडलं. परत आणलं नाही तर गडबड. आणि उलट टोकाला जाऊन प्रश्नांची फैर झाडली की समोरच्याला जबानी दिल्यासारखं वाटतं. दोन प्रश्नांनंतर स्वतःचं एखादं वाक्य असू द्यावं.

पाऊलवाट · दुपारी २:५०

हल्ली अशा कुणालाही 'नार्सिसिस्ट', म्हणजे आत्मपूजक, म्हणतात, ते मात्र थांबवायला हवं. अमेरिकी निदानपुस्तिकेत १९८० पासून असलेला तो एक व्यक्तिमत्त्व विकार आहे. नऊ लक्षणांपैकी किमान पाच लागतात, आणि ती दीर्घकाळ, आयुष्याच्या अनेक बाजूंत दिसावी लागतात. ते प्रशिक्षित माणसाने ठरवायचं. संभाषण वळवणं म्हणजे विकार नव्हे.

दीपमाळ · दुपारी ३:४०

पाऊलवाट यांच्याशी पूर्ण सहमत. त्याला जोडून दोन गोष्टी, कारण चुकीचा शब्द लावल्याने माणसं खरोखर दुखावतात.

पहिली, स्वमग्नता. ऑटिझमसाठी मराठीत हा शब्द रूढ झाला आणि त्यामुळे 'ही मुलं स्वतःतच रमलेली, त्यांना इतरांची पर्वा नाही' असा समज पसरला. तो चुकीचा आहे. समोरच्याचे इशारे वाचणं अवघड जाणं आणि समोरच्याची पर्वा नसणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये आणखी पुढचा मुद्दा मांडला. न समजणं दुहेरी असतं. इतरांनाही स्वमग्न माणसाचं मन वाचता येत नाही, पण दोष फक्त त्याच्या माथी मारला जातो.

दुसरी, लाजरी आणि घाबरी माणसं. चारचौघांत बोलताना धास्तावणाऱ्याचं लक्ष सतत स्वतःवर असतं. आवाज कापतोय का, चेहरा लाल झालाय का. क्लार्क आणि वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रारूपात हे स्वतःकडे वळलेलं लक्षच भीती टिकवून धरतं. माणूस समोरच्यांचे चेहरे बघतच नाही, मनातल्या मनात रंगवलेलं स्वतःचं चित्र बघत राहतो. अशा माणसाला 'जरा इतरांचा विचार कर' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. तो चोवीस तास इतर काय म्हणतील याचाच विचार करतोय. त्याला उपयोगी पडतं ते लक्ष बाहेर नेण्याचं काम. समोरच्याच्या शर्टाचा रंग, त्याने वापरलेला नेमका शब्द, खोलीतले आवाज. आधी शांत जागी दोन-तीन मिनिटं, मग सोप्या संभाषणात, मग अवघड. थेट अवघड ठिकाणी सुरुवात केली की जमत नाही आणि माणूस सोडून देतो.

किशोरवयात हे सगळ्यांनाच होतं. डेव्हिड एलकाइंड यांनी १९६७ मध्ये याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. जणू सगळं जग आपल्या चेहऱ्यावरचा फोड बघतंय. गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्यांनी तरी पाहिला असेल. लक्षात आला होता साधारण चौथ्या हिश्शाच्या. मुलांना हा आकडा सांगितलेला चांगला लागू पडतो.

निशिगंध · दुपारी ४:१०

दीपमाळ, हे वाचून माझं मत थोडं हललं. घाबऱ्या माणसाला मी बेपर्वा म्हणणार नाही. पण तिसऱ्या प्रश्नावर या. उपाय साधा नाही का? 'मी त्याच्या जागी असतो तर' असा विचार करायचा. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

त्रिज्या · दुपारी ४:४५

तुमचीच म्हण तुमच्या उपायाच्या विरोधात जाते! म्हण सांगते की तिथं गेल्याशिवाय कळत नाही. बसल्या जागी कल्पना केली तर त्याच्या जागी आपणच जातो, आपल्या आवडीनिवडी बरोबर घेऊन. एयाल, स्टेफेल आणि एपली यांनी २०१८ मध्ये एकूण २५ प्रयोगांचा अहवाल दिला. 'दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार करा' असं सांगितल्याने त्याच्या मनाचा अंदाज अधिक अचूक आला नाही. अचूकता वाढली ती थेट त्याच्याशी बोलून, त्याला विचारून. कल्पनेने दया वाढू शकते, भांडण निवळू शकतं. माहिती मिळत नाही.

म्हणून माझा उपाय एका शब्दाचा, विचारा. पण विचारण्यातही टोक स्वतःवरच रोवलेलं राहू शकतं. 'सहाला भेटू, चालेल ना?' यात प्रश्न नाहीच. 'ना' लावून उत्तर आपणच भरून टाकलंय. समोरच्याला नकार द्यायचा तर आधी तुमचं 'ना' मोडावं लागतं. त्याऐवजी स्वतःची वेळ न सांगता 'तुला कुठल्या वेळा अडचणीच्या आहेत?' असं विचारा. आपलं मत नंतर सांगा. गटात असाल तर सगळ्यात कमी बोलणाऱ्याला आधी विचारा. आणि उत्तर मिळालं की ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा, कारण ऐकतानाही पहिली नजर स्वतःच्या मेणबत्तीवर गेलेली असते.

अनुस्वार · दुपारी ४:५८

'ना'चं हे निरीक्षण फार सुंदर. 'हो की नाही?', 'बरोबर आहे ना?', 'तुला काय, चालतंच म्हणा' हे सगळे त्याच कुळातले.

अवांतर, पण विषयाला धरून. आज आपण अहंकार म्हणजे घमेंड समजतो. सांख्यांच्या परिभाषेत तसं नाही. प्रकृतीपासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार, आणि त्यापासून मन, इंद्रियं आणि तन्मात्रं (शब्द, स्पर्श, रूप अशी सूक्ष्म तत्त्वं) असा तो क्रम आहे. तिथं अहंकार म्हणजे प्रत्येक अनुभवाला 'हे मला होतंय, हे माझं' अशी चिठ्ठी लावणारं तत्त्व, आणि ते प्रत्येकातच आहे. त्रिज्या यांच्या 'पहिल्या नजरे'च्या शेजारी हे ठेवून बघा. योगसूत्रांतही अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक मानला आहे. तिथं अर्थ आहे पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच वाटणं.

उंबरठा · सायंकाळी ५:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रसंगाकडे परत येतो, कारण माझ्या मांडणीत एक भोक राहिलं होतं आणि निशिगंध यांनी ते दाखवलं.

'अरे हो की' म्हणून सातवर येणारा माणूस एका प्रसंगापुरता आत्मकेंद्रित. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा 'सहाला' म्हणाला तर विसरला म्हणू. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि दरम्यान वरिष्ठांच्या वेळा त्याला तोंडपाठ असल्या, तर ती पहिली नजर उरत नाही. दुरुस्तीची मेहनत आपल्यासाठी करायची नाही असं त्याने ठरवलेलं असतं, त्याच्या नकळत का असेना. तो मग माझ्या पहिल्या गटात, स्वार्थाकडे सरकतो. म्हणजे माझ्या तीन गटांमधल्या भिंती मला वाटल्या तितक्या पक्क्या नाहीत.

निशिगंध · सायंकाळी ५:५०

एवढं मान्य. फक्त 'नकळत' हा शब्द मी काढून टाकेन. तीनदा सांगून झाल्यावर नकळत काही राहत नाही.

खारूताई · सायंकाळी ६:०५

एक व्यवहारातली शंका. निरोप लिहून पाठवताना 'ना' नाही लावलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. 'उद्या सहाला ये' आणि 'उद्या सहाला येशील ना' यांत दुसरं गोड आहे. मग काय लिहायचं?

त्रिज्या · सायंकाळी ६:२०

गोडवा ठेवा, जागा 'नाही'ला द्या. 'उद्या सहाला जमेल का? नसेल तर तुझी वेळ सांग, मी बघते.' दुसरं वाक्य लिहिलं नाही तर पहिलं पुन्हा 'ना'सारखंच वाचलं जातं.

खारूताई · सायंकाळी ६:२२

हे जमेल. आत्ताच एक निरोप पाठवायचा आहे, त्यात दुसरं वाक्य घालते.